पानाची मजुरी आणि पानाची किंमत

(या भागाचा लिखित मजकूर बऱ्याच जणांनी मागितला होता, म्हणून टाकतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे गाळलेत. बाकी बोललो तसंच आहे.)

आज पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, हुपरीतून बोलतोय. आमच्या घराच्या माडीवरून. मागे घरघर ऐकू आली तर ती माइकची नाही, खाली पॉलिशचं मशीन चालू आहे. ज्यांना हुपरी माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापूरपासून जवळ, हातकणंगले तालुक्यात, चांदीचं गाव. तुमच्या घरात कुणाच्या पायात पैंजण असतील तर ते आमच्याकडून गेलेले असण्याची बरीच शक्यता आहे. घराघरात हेच काम. आमच्या आप्पांचंही हेच. मी तेवढा बीटेक करून कोड लिहायला लागलो.

आजचा विषय कॉमिक्स. पण वाचायची कॉमिक्स नाहीत. कॉमिक्सच्या मूळ पानांबद्दल बोलायचंय. म्हणजे चित्रकारानं स्वतःच्या हातानं काढलेलं, शाई लागलेलं पान, ज्यावरून पुढे लाखो प्रती छापल्या जातात, ते. ही पानं आता कोटींत विकली जातात. आणि यात मी स्वतः थोडा अडकलोय, ते शेवटी सांगतो.

आधी आकडे. जानेवारी २०२२, अमेरिकेत डॅलसमध्ये हेरिटेज ऑक्शन्सचा लिलाव. मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स' मालिकेच्या आठव्या अंकातलं पंचविसावं पान. अंक १९८४ चा, चित्रकार माइक झेक. या पानावर स्पायडरमॅनच्या अंगावर पहिल्यांदा काळा सूट चढतो, तोच सूट ज्याचा पुढे व्हेनम झाला. बोली सुरू झाली ३ लाख ३० हजार डॉलरला आणि थांबली ३३ लाख ६० हजारांवर. तेव्हाच्या दरानं जवळजवळ २५ कोटी रुपये. एका पानाचे! त्याआधी अमेरिकन कॉमिकच्या आतल्या पानाचा विक्रम होता ६ लाख ५७ हजार २५० डॉलर, म्हणजे हा विक्रम एकदम पाचपट झाला.

त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी २०२१ मध्ये, पॅरिसला टिनटिनचं एक चित्र गेलं सुमारे ३२ लाख युरोला. हर्जेनं १९३६ मध्ये 'द ब्लू लोटस'च्या मुखपृष्ठासाठी रंगवलेलं. गंमत म्हणजे ते मुखपृष्ठ छापलंच गेलं नव्हतं. छपाईला फार रंग लागतात, महाग पडेल, म्हणून नाकारलं गेलं. विकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे हर्जेनं ते प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला देऊन टाकलं, आणि त्या पोरानं घड्या घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. या गोष्टीवर काही जाणकारांनी शंकाही घेतली आहे. पण कागदावर घड्या आहेत आणि त्या घड्यांसकट त्याचे २८ कोटी झाले.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण मागे एकदा बोललो तेव्हा कमेंटमध्ये हाच प्रश्न आला होता. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, सुपरमॅनचा, तोही कोटींत जातो. वर सांगितलेल्या लिलावातच त्याची एक प्रत ३१ लाख ८० हजार डॉलरला गेली. पण ती छापील प्रत. लाखो छापल्या, थोड्या उरल्या, म्हणून महाग. मूळ पान एकच असतं, त्याची दुसरी प्रत निघत नाही. आणि गंमत बघा, त्या काळातली बहुतेक मूळ पानं छपाई झाल्यावर फेकून दिली गेली. कुणाला वाटलंच नाही की हे ठेवायचं असतं. छापून झालं, काम झालं.

आता आमच्या गावची भाषा. आमच्याकडे पैंजणाची किंमत कशी ठरते? वजन, टंच आणि मजुरी. मजुरी किलोवर. नक्षी कितीही सुंदर असू दे, उद्या गिऱ्हाईक मोड घेऊन आलं की नक्षीचा भाव शून्य. चांदी आटवायची, वजन करायचं, घट वजा करायची. कारागिराचा हात त्या आटणीत वितळून जातो. मी लहानपणापासून हे बघत आलोय, त्यामुळे मला हे नैसर्गिक वाटायचं.

कॉमिक्सचं पान बरोबर उलटं आहे. त्यात वजन काहीच नाही. ड्रॉइंग पेपर आणि शाई, रद्दीत घातलं तर पाच पैसे यायचे नाहीत. पूर्ण किंमत हाताची, आणि त्या पानावर काय पहिल्यांदा घडलं त्याची. पण, आणि हा 'पण' मोठा आहे, ज्याचा हात त्याला मजुरीच मिळाली. किलोवर नाही, पानावर. एवढाच फरक.

त्या काळ्या सूटचंच घ्या. त्याची कल्पना मुळात एका वाचकाची, इलिनॉयमधल्या रँडी शूलर नावाच्या पोराची. त्यानं कंपनीला पत्र पाठवलं, कंपनीनं १९८२ मध्ये २२० डॉलर देऊन कल्पना विकत घेतली. सुपरमॅनचं तर अजून भारी आहे. सीगल आणि शुस्टर या दोघांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क विकले १३० डॉलरला. तो चेक जपून राहिला होता. २०१२ मध्ये नुसता तो वटलेला चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. फसवणुकीची पावतीसुद्धा फसवणुकीच्या हजारपट किमतीला!

जॅक कर्बी हे नाव मार्व्हलच्या चाहत्यांना सांगायला नको. फँटॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन, सगळ्यांत त्यांचा हात. साठच्या दशकात मार्व्हलसाठी त्यांनी दहा हजारांहून जास्त पानं काढली असावीत असा अंदाज आहे. ती परत मिळावीत म्हणून त्यांना ऐंशीच्या दशकात भांडावं लागलं, आणि १९८७ मध्ये हातात आली सुमारे दोन हजार. बाकीची? काही हरवली, काही चोरीला गेली, काही वाटली गेली. आज त्यातलं एखादं लिलावात येतं तेव्हा पैसे ज्याच्याकडे पान आहे त्याला मिळतात. सत्तरच्या दशकात अमेरिकन प्रकाशकांनी पानं चित्रकाराला परत द्यायला सुरुवात केली, ती मेहरबानी नव्हती, मागण्या रेटाव्या लागल्या.

एक बरी गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता रडतोय. मघाशी ६ लाख ५७ हजारांचा विक्रम म्हणालो ना, तो 'हल्क'च्या १८० व्या अंकातल्या शेवटच्या पानाचा, १९७४ चा. वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो ते पान. चित्रकार हर्ब ट्रिंप. त्यांनी १९८३ मध्ये ते एका शाळकरी चाहत्याला सहज भेट दिलं होतं. त्यानं तीस वर्षं सांभाळलं आणि २०१४ मध्ये विकलं, तेव्हा मिळालेल्यातला मोठा वाटा हिरो इनिशिएटिव्ह या संस्थेला देण्याचं जाहीर केलं. ही संस्था म्हाताऱ्या, अडचणीतल्या कॉमिक्स कलाकारांना मदत करते. कायद्यानं त्याच्यावर काही बंधन नव्हतं.

आता आपल्याकडे या. आपलं कॉमिक्स कुणी काढलं? अमर चित्रकथेचा 'कृष्ण' राम वाईरकरांचा. टिंकलमधला सुपंडी त्यांचाच. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथा काढलीच, शिवाय हिंदीतल्या नागराजची सुरुवातीची पानंही त्यांचीच. दिलीप कदम आहेत. म्हणजे अख्ख्या भारतानं राम, कृष्ण, बिरबल डोळ्यांसमोर आणला तो बऱ्याच अंशी मराठी चित्रकारांच्या रेषेतून. आणि आपल्याकडे चित्रांना किंमत येत नाही असंही नाही. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, एकेकाळी सिनेमाची होर्डिंग रंगवणारे, त्यांचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ११८ कोटींना गेलं. पण कॉमिक्सचं पान अजून आपल्याकडे 'चित्र' या खात्यात जमाच झालेलं नाही. ते 'कमर्शियल काम' या खात्यात आहे.

कायदा आहे का? आहे! मला हे वाचून धक्काच बसला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३ए नावाचं कलम आहे, १९९४ च्या दुरुस्तीनं आलेलं. मूळ चित्र किंवा रेखाटन पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर असेल, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. फ्रान्समध्ये असा हक्क १९२० पासून आहे, पण युरोपात एका विक्रीमागे १२,५०० युरोची कमाल मर्यादा घातली आहे. आपल्याकडे मेख वेगळी: चित्रकार त्या चित्राच्या हक्कांचा पहिला मालक असला पाहिजे. नोकरीत राहून काढलं असेल तर पहिला मालक कंपनी. (माझा कोडही असाच कंपनीचा आहे. पण माझा कोड चाळीस वर्षांनी कुणी फ्रेम करून लावणार नाही, त्यामुळे मला झोप लागते.) पानावर मजुरी घेऊन काम करणाऱ्याचं काय, यावर वकील लोक वाद घालू शकतील. पण वाद घालायला आधी पान कुठे आहे आणि कुणी कितीला विकलं हे कळायला तर हवं.

तर आता माझं प्रकरण. लॉकडाऊनमध्ये, २०२१ ला, मी एका जुन्या पुस्तकंवाल्याकडून ऑनलाइन एक मूळ पान घेतलं. ३,२०० रुपये. ऐंशीच्या दशकातल्या एका कॉमिकचं. चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पान हातात आलं तेव्हा पहिली गोष्ट कळली की ते छापील पानापेक्षा किती मोठं असतं, जवळजवळ दीडपट. शाईखाली पेन्सिल दिसते. एका घोड्याचा पाय आधी वेगळा काढला होता, त्यावर पांढरा रंग मारून परत काढलाय. संवाद वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेत, त्याचा डिंक पिवळा पडलाय. कडेला कुणीतरी, बहुतेक संपादकानं, लिहिलंय 'मिशा कमी'. आणि मिशा खरंच कमी केल्यात! छापलेल्या अंकात यातलं काहीच दिसत नाही.

आप्पांना दाखवलं. त्यांनी उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "आरं, कागदाला काय मोड येतीय व्हय?" मग थोड्या वेळानं, "हात चांगला हाय पण." आमच्यात 'हात चांगला हाय' ही मोठी पदवी आहे. आमच्या आजोबांचाही हात चांगला होता. त्यांची पैंजणांच्या नमुन्यांची एक वही होती, शिसपेन्सिलीनं काढलेली. ते गेल्यावर घर रंगवताना ती रद्दीत गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि रद्दीचा गठ्ठा मीच बांधला होता. असो.

गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एका संग्राहकानं विचारलं, ५५ हजार देतो, विकणार का. सतरापट! मनात पहिला विचार काय आला सांगू? नव्या लॅपटॉपचा. दुसरा विचार ५३एचा आला, कारण नुकतंच वाचलं होतं. म्हणून चित्रकाराच्या घरच्यांना शोधलं. फेसबुकवर त्यांचा मुलगा सापडला, पन्नाशीचा असेल, पुण्यातच. चित्रकार जाऊन बरीच वर्षं झाली. मी फोनवर सांगितलं, दादा, तुमच्या वडिलांचं एक पान माझ्याकडे आहे. ते म्हणाले, "घरात एकही नाही. बाबा पान पोचवून यायचे, पैसे घेऊन यायचे. परत मागायचं असतं हे कुणाला माहीत होतं?" मग म्हणाले, "आईला दाखवता का?"

गेलो. काकूंचं वय ऐंशीच्या आसपास. चष्मा बदलला, पान मांडीवर घेतलं. मला वाटलं होतं रडतील वगैरे. तसं काही नाही. बोट ठेवून खालच्या चौकटीतली रात्र दाखवली, गडाच्या मागचं काळं आभाळ, आणि म्हणाल्या, "हे काळं मी भरलंय. ह्यांना वेळ नसायचा. बाहेरची रेघ ते मारायचे, आतलं मी भरायची. पोरं झोपल्यावर."

मला एकदम आमची गल्ली आठवली. दुपारी ओट्यावर बसून पैंजणांना घुंगरं जोडणाऱ्या बायका. माझी आईसुद्धा. त्यांचं नाव कुठल्या पावतीवर असतंय?

मी ५५ हजारांचं सांगितलं, आणि दहा टक्क्यांचंही. दादा म्हणाले, कायद्याचं सोडा, तुम्ही आलात तेच खूप. काकूंनी मात्र व्यवहारी प्रश्न विचारला: "एका पानाचे? ह्यांना पानाला साठ रुपये मिळायचे." मग हिशेब करून म्हणाल्या, "आणि मला काही नाही," आणि हसल्या. मी त्यांना विचारलं, मागच्या बाजूला सही कराल का? त्यांनी पेन्सिल मागितली. पेन नको म्हणाल्या, पुढे उमटेल. नवऱ्याचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं, आणि कंसात 'काळं'.

घरी येऊन मी त्या संग्राहकाला मागच्या बाजूचा फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: "हा तर पुरावा झाला. आता सत्तर देतो."

त्याला अजून काही कळवलेलं नाही. पान सध्या इथेच आहे, आप्पांच्या कपाटात, चांदीच्या शेजारी. चांगल्या रिझोल्यूशनचा स्कॅन करून काकूंना मोठी प्रिंट दिली आहे, त्यांनी ती हॉलमध्ये लावलीय. विकायचं ठरलं तर रक्कम कशी वाटायची यावर माझ्यात आणि दादांमध्ये मेसेजवर चर्चा चालू आहे. ते दहा टक्क्यांच्या वर जायला तयार नाहीत, मी खाली यायला तयार नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी पानं असतील, किंवा तुमचे वडील, काका, आजोबा कॉमिक्ससाठी, दिवाळी अंकांसाठी काढत असतील, तर मला लिहा. आणि हो, दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठा बांधण्याआधी एकदा उघडून बघा. चला, खालून आप्पा हाक मारतायत, भेटू पुढच्या भागात.