बालकाचें मौन आणि आईवरील ठपका

तीन-चार वर्षांचें मूल हांकेला ओ देत नाहीं, आईच्या नजरेला नजर देत नाहीं, एखादें चाक घेऊन तासन् तास फिरवीत बसतें. अशा वेळीं 'याला काय होतें आहे?' हा प्रश्न मागें पडतो आणि 'हें कोणामुळें झालें?' हा पुढें येतो. त्याचें उत्तर पुष्कळदां बिचाऱ्या आईपाशींच येऊन थांबतें.

नवल असें कीं, कांहीं काळ मनोविश्लेषणशास्त्रानेंहि हेंच उत्तर दिलें. आरंभ मात्र निराळा होता. १९३० सालीं लंडनमध्यें मेलानी क्लाइन या विदुषीनें चार वर्षांच्या एका मुलाची हकीकत 'डिक' या नांवानें प्रसिद्ध केली. आगगाड्या, दारें व दारांच्या मुठी यांखेरीज त्याला कशांतच गोडी नव्हती. बाईंनीं एक मोठी व एक लहान गाडी पुढें ठेवली, मोठीला बाबांची व लहानीला डिकची गाडी म्हटलें, आणि तेथूनच संवाद आरंभिला. त्यांनीं लावलेले अर्थ आज सर्वांस पटत नाहींत. परंतु निरर्थक भासणाऱ्या वर्तनांतहि अर्थ शोधावा, ही दृष्टि मोलाची होती.

१९४३ मध्यें अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं अशाच अकरा मुलांचें वर्णन केलें. त्या अवस्थेला आपण आज स्वमग्नता म्हणतों. पुढें ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ च्या आपल्या ग्रंथांत आईबापांच्या दुराव्यावर खापर फोडलें. १९७७ मध्यें जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही मुलें स्वमग्न निघालीं. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत मात्र तशी एकहि नव्हती. मूळ मेंदूच्या घडणींत व आनुवंशिकतेंत आहे, आईच्या मायेच्या उणीवेंत नाहीं, हें पुढील संशोधनानें पक्कें केलें.

ठपका गेला, परंतु मौनाचा अर्थ शोधण्याचें काम उरलें, आणि आपल्या अरण्यप्रदेशांत तें विशेष नाजूक आहे. गडचिरोली जिल्ह्यांत माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा भाषा घराघरांत नांदतात. अंगणवाडींत मराठी ऐकून गप्प बसणारें पोर घरीं आजीशीं माडियांत अखंड बडबडत असेल, तर तो रोग नव्हे. घरींहि तें बोलत नसेल, बोटानें कांहीं दाखवीत नसेल, तर आधीं त्याचे कान तपासावे आणि मग विलंब न लावितां डॉक्टरांकडे न्यावें.

हें पाहावयाचें कोणीं? तज्ज्ञ दूर शहरांत असतात. येथें गडचिरोलीचाच एक दाखला आठवतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस नवजातांची घरींच शुश्रूषा करण्यास शिकविलें. इतर गांवांच्या मानानें तिसऱ्या वर्षीं नवजातमृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ च्या 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. तें कार्य अर्भकांच्या जिवाचें होतें, मनाचें नव्हे. तथापि गांवची, गांवची बोली बोलणारी शिकविलेली स्त्री काय पाहूं शकते, हें त्यावरून कळतें. बालकाचें मौन अशाच डोळ्यांना प्रथम दिसेल.

मात्र त्या घरीं गेल्यावर तिनें पहिलें वाक्य आईशीं बोलावें, आणि तें असें असावें: 'बाई, यांत तुझा दोष नाहीं.'