अध्यक्षाची खुर्ची आणि आपली ग्रामसभा
(नावडे येथील वनहक्क शिबिरात झालेले भाषण)



मघाशी जेवताना एका आजीने विचारलं, "विधानसभेत समोर उंचावर बसतो तो माणूस करतो काय? घंटी वाजवतो नि गप बसा म्हणतो." आजीचं निम्मं बरोबर हाये. गप बसवणं हे त्याचं निम्मं काम. ज्याचा आवाज दबतो त्याला बोलायची पाळी देणं, हे उरलेलं निम्मं.

तो अध्यक्ष. आमदार त्याला आपल्यातूनच निवडतात. मंत्री सरकारचे, पण अध्यक्ष सगळ्या सभागृहाचा. तो एरवी मत देत नाय. दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच देतो. १९२८ साली इंग्रज सरकारने केंद्रीय कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षेचं बिल आणलं. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर काढायचा त्यात बेत होता. मतं सारखी पडली. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि बिल पडलं.

पण खुर्चीची ताकद किती, तेही समजून घ्या. दिंडोरीचे आपले आदिवासी आमदार नरहरी झिरवाळ २०२० मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. २०२१ मध्ये अध्यक्षपद रिकामं झालं, तेव्हा जुलै २०२२ पर्यंत अध्यक्षाचं काम त्यांनीच सांभाळलं. आणि उपाध्यक्ष असतानाच, ४ ऑक्टोबर २०२४ ला, पेसा भरती आणि आदिवासी आरक्षणासाठी त्यांनी मंत्रालयात जाळीवर उडी मारली. म्हंजे खुर्चीवरचा माणूस आपलं म्हणणं सभागृहाला ऐकवू शकतो, मंजूर करणं सरकारच्या हातात. आणि सरकार हलतं ते लोकांमुळे.

आता आपल्या ग्रामसभेकडे या. आमच्या वाडीत एकदा ठराव आधीच लिहून आणला होता. अध्यक्षाने विचारलं, "मंजूर?" पुढचे दोघं हो म्हणाले, झाला मंजूर. बाया मागे भिंतीला टेकून बसलेल्या. तीन घरांचे दावे ठरावात नव्हतेच, हे आम्हाला पावसाळा संपल्यावर कळलं.

वनहक्काचा नियम सांगतो: ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं हजर पाहिजेत. म्हणून खुर्चीवर जो बसेल त्याने आधी डोकी मोजावी. मग मागे बसलेल्या बायांना पहिली पाळी द्यावी. ठराव मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत्येक दावेदाराचं नाव घ्यावं, मगच सही करावी. कोऱ्या कागदावर सही नाय म्हंजे नाय.

अध्यक्ष ऐकत नसेल तर उठा आणि विचारा. विधानसभेच्या अध्यक्षालासुद्धा चौदा दिवसांची नोटीस देऊन बहुमताने काढता येतं. मग ग्रामसभेत आपण का भ्यावं?

हा कागद घरी ठेवू नका. येत्या ग्रामसभेत, ठरावाच्या आधी, वाचून दाखवा.

जिंदाबाद!