परदेशातील एक सत्र आणि घरचे ऋण

(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, अमरावती येथे, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी शिष्यवृत्ती समितीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण.)



गुणवंतांचे कौतुक करण्यासाठी मला येथे उभे केले आहे. ते मी करणारच आहे. परंतु त्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांसमोर कबूल करणे मला आवश्यक वाटते. चूक समितीची होती, हे खरे. पण समितीत मी होतो आणि विरोधात सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

दोन वर्षांपूर्वी, आषाढात, आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे एक अर्ज आला. अर्जदार विद्यार्थिनी अकोल्यास कृषिशास्त्राचा अभ्यास करीत होती. घर वरूड तालुक्यात, वडिलांचा संत्र्याचा लहानसा बगीचा. स्पेन देशातील व्हॅलेन्सिया शहरी एक सत्र शिकण्याची संधी तिला मिळाली होती. तेथील शुल्क माफ होते. जाण्यायेण्याचा, राहण्याचा व जेवणाचा खर्च मात्र घरून करावयाचा होता. तिने देणगी मागितली नव्हती. बिनव्याजी कर्ज मागितले होते.

आम्ही काय विचारले, ते सांगतो. पाच महिन्यांत का कोठे विद्या येते? तेथून पदवी तर मिळावयाची नाही, मग उपयोग काय? आणि मुलगी एकटी, परक्या मुलखात, परक्या भाषेत! अर्ज नामंजूर झाला. कार्यवृत्तात आम्ही ‘निधी अपुरा’ असे लिहिले. निधी अपुरा नव्हता. अपुरे होते ते आमचे मन.

सज्जनहो, ज्या अमरावतीत बसून आम्ही हा निर्णय केला, त्या अमरावतीला परदेशी शिक्षणाचा अर्थ कोणी नव्याने सांगावा असे नाही. याच जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मास आले. शालेय शिक्षण चांदूर, कारंजा व अमरावती येथे, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९२० साली हा तरुण विलायतेस गेला. त्यासाठी वडिलांनी, शामरावांनी, घरच्या जमिनीवर कर्ज काढले असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. शेतकऱ्याने मुलाच्या विद्येसाठी जमीन अडकविणे म्हणजे काय, हे या सभागृहातील निम्म्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पंजाबराव एडिंबरोस शिकले, ऑक्सफर्डला गेले, बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तो प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. इतकी विद्या जवळ असलेल्या माणसाला मुंबईत वा लंडनमध्ये सुखाचे आयुष्य काढणे कठीण नव्हते. ते १९२६ साली परत आले ते अमरावतीस. आल्यावर थोड्याच काळात त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उघडले, आणि त्याची दारे सर्व जातींच्या मुलांना खुली ठेवली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ च्या सुमारास जी चळवळ झाली, तिच्या पाठीशी ते उभे राहिले. स्वतःचा विवाहही त्यांनी त्याच वर्षी जातीबाहेर केला. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. खेड्यापाड्यांतील मुलांना शाळा व महाविद्यालये मिळाली. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्र सरकारात मंत्री होते आणि शेती हाच त्यांच्या कामाचा गाभा राहिला. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

हे सारे आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. त्यातील एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. शामरावांनी कर्ज काढले तेव्हा मुलगा पुढे काय करील याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती. ते कर्ज एका घराने काढले. त्याचे फळ मात्र ज्यांनी पापळ गाव डोळ्यांनी पाहिलेही नाही, अशा हजारो घरांना मिळाले. जातीपातीचा हिशेब त्यात कोठेही नव्हता.

स्पॅनिश भाषा परकी, असे आम्ही त्या मुलीच्या बाबतीत म्हटले. त्या भाषेचीही आपल्या विदर्भाला ओळख नाही असे नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देश सोडून गेले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत जाऊन चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. मक्याच्या वाणांवर त्यांनी तेथे संशोधन केले. तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा चालविल्या. हे सारे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत राहून. अखेरीस ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचा अंत झाला. वर्ध्याचा माणूस ती भाषा शिकून तेथल्या शेतकऱ्याला शेती शिकवू शकतो, तर वरूडच्या मुलीने ती शिकून आपल्या बगीच्यासाठी काही आणू नये काय?

ती मुलगी गेली. आमच्या पैशांनी नव्हे. आंबिया बहाराची फळे झाडावर हिरवी असतानाच तिच्या वडिलांनी बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकला. दिवाळीपर्यंत थांबले असते तर किती अधिक आले असते, याचा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला नाही. मी विचारण्याचे धैर्यही केले नाही.

तेथे गेल्यावर सर्व सुरळीत झाले असेही नाही. आपल्या मुलांनी ही बाजू नीट ऐकावी. पहिला महिना व्याख्याने तिच्या डोक्यावरून गेली. एका सत्राचा पूर्ण अभ्यास तिकडे तीस श्रेयांकांचा असतो आणि एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचे काम धरलेले असते. वर्गात बसण्याचा वेळ त्यातला थोडा, बाकीचे स्वतः करावयाचे. ‘बाबा, मी नापास होईन’, असे तिने घरी कळविले. अखेर पाच विषयांपैकी चारांत ती उत्तीर्ण झाली. पाचवा येथे येऊन पुन्हा द्यावा लागला. म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे: भाषा येथूनच शिकून जा, तिकडचा कोणता विषय इकडे धरला जाईल, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या, व्हिसा, विमा आणि खर्चाची तरतूद यांची कागदपत्रे चार महिने आधी हाती घ्या. आपल्या मुलांचे अडते ते बहुधा बुद्धीपाशी नव्हे, या कागदांपाशी.

आता, पाच महिन्यांत तिने काय आणले ते पाहा.

व्हॅलेन्सिया हा संत्र्यांचा मुलूख. १९५७ साली तेथे ‘त्रिस्तेझा’ नावाचा विषाणुरोग आढळला. आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली झाडे वाळू लागली आणि पुढील काळात अशी लक्षावधी झाडे गेली. तेथील लोकांनी खुंट बदलला. परंतु केवळ तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९७५ पासून रोगमुक्त कलमे तयार करण्याचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला. झाडाच्या शेंड्याचा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा कोंब काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तो कोवळ्या रोपावर बांधावयाचा. त्यातून निरोगी मातृवृक्ष वाढवावयाचे. आणि रोपवाटिकांनी डोळे घ्यावयाचे ते अशा तपासलेल्या झाडांचेच. शहराजवळ मोंकादा येथील संशोधन संस्थेत हे काम आजही चालते. असे ज्ञान आपल्या देशात नाही असे नव्हे; नागपूरला लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहेच. परंतु घरी परतल्यावर त्या मुलीने वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो असा: “बाबा, आपली कलमे कोणत्या झाडाची? खुंट जंभेरीचा की रंगपूरचा?” वडिलांना उत्तर देता आले नाही. पाने हिरवीगार दिसली म्हणून त्यांनी ती रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून आणली होती. डिंक्याने दरवर्षी पाचपन्नास झाडे का जातात, याचा विचार त्या घरात त्या दिवशी सुरू झाला.

दुसरी गोष्ट पाण्याची. व्हॅलेन्सियाच्या प्रधान चर्चच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता एक न्यायालय भरते. तुरिया नदीवरील आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले आठ शेतकरी काळे अंगरखे घालून गोल बसतात. पाळी चुकवून कोणी पाणी घेतले, पाट फोडला, तर त्याचा निवाडा तेथेच तोंडी होतो. वकील नाही, कागद नाही. ज्या कालव्याचा तंटा असेल, त्या कालव्याचा पंच त्या निवाड्यात भाग घेत नाही. शेकडो वर्षांची ही प्रथा आजही पाळली जाते आणि २००९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. मुलगी एका गुरुवारी तेथे उभी राहून हे पाहून आली.

गावी परतल्यावर पारावर बसलेल्या मंडळींना तिने हे सांगितले. मी त्या दिवशी मुद्दाम तेथे गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, “पोरी, आपल्याकडं त ज्याची बोअर खोल, त्याचाच निकाल.” सगळे हसले, नंतर कोणीच बोलेना. वरूड-मोर्शीकडे भूजल किती खाली गेले आहे हे त्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि इकडे पूर्णेच्या दोन्ही काठांवरील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असून ते पिकाला चालत नाही, हेही ठाऊक होते. त्या संध्याकाळी कोणता ठराव झाला नाही. परंतु पाण्याची वाटणी हा आपसांत बसून बोलण्याचा विषय आहे, हे त्या पारावर माझ्या आठवणीत प्रथमच कोणी बोलून दाखविले. आणि ते एका विशीतल्या मुलीने दाखविले.

श्रोतेहो, पाच महिन्यांत पदवी मिळत नाही हे आमचे म्हणणे खरे होते. आमची चूक एवढीच की विद्या म्हणजे पदवी असे आम्ही धरून चाललो. ज्या भूमीत गाडगेबाबांनी हातावर भाकर घेऊन खा पण मुलांना शिकवा असे गावोगाव सांगितले, त्या भूमीतल्या समितीला हे समजावयास एका बागायतदाराचा बहार जावा लागला, याची मला खंत वाटते.

आज दुपारच्या बैठकीत मी तीन सूचना मांडणार आहे. पहिली: परदेशातील एका सत्रासाठीही आपल्या निधीतून बिनव्याजी कर्ज मिळावे; आणि मुलगा की मुलगी हा प्रश्न अर्जाच्या कागदावर असू नये. दुसरी: कर्ज घेणाऱ्याने परत आल्यावर जे शिकले ते आपल्या जिल्ह्यातील निदान पाच गावांत जाऊन सांगावे, आणि ते ऐकावयास येणाऱ्याची जात कोणी विचारू नये. रोग झाडाची जात पाहतो, मालकाची पाहत नाही. तिसरी: दरवर्षी निदान एक कर्ज आपल्या समाजाबाहेरील गरजू विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावे. श्रद्धानंद छात्रालयाच्या दारावर कोणाला अडविले गेले नाही. आपल्या निधीच्या दारावरही ते होऊ नये.

या सूचनांना विरोध होईल हे मी जाणतो. दोन वर्षांपूर्वी तो मीच केला असता. विरोध करणाऱ्यांनी बैठकीआधी सभागृहातील शेवटच्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांशी जरूर बोलावे. त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही. आपल्या मुलीचा गौरव पाहावयास ते वरूडहून पहाटेच्या गाडीने आले आहेत. त्यांनी आमच्याविषयी एक शब्दही उणा काढलेला नाही. यंदाचा बहार त्यांनी अजून कोणाला दिलेला नाही, एवढेच मला काल कळले, आणि फार बरे वाटले.