भूमीच्या पोटांतील पृष्ठभाग

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. उमरगें तालुकाहि त्यांतून सुटला नाहीं. पुढें किल्लारीजवळ ६१७ मीटर खोलीपर्यंत विंधण घेण्यांत आलें. सुमारें ३३८ मीटरपर्यंत काळा अग्निजन्य पाषाण, त्याखालीं आठ मीटर गाळाचा थर व त्याच्याहि खालीं अतिप्राचीन खडक, असा हिशेब त्या छिद्रानें दिला.

परंतु एक छिद्र म्हणजे एकच बिंदु होय. उमरग्यास शाळा किंवा पूल उभारावयाचा, तर पाया जेथें बसावयाचा तेथील खडक कसा उतरत गेला आहे हें कळलें पाहिजे. ह्या भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर विसंबलेली भिंत तडकते. म्हणून माती कोठें संपते, मुरूम कोठें लागतो व कठीण पाषाण कोठें, हें अनेक विंधणांवरून ठरवून स्थापत्यविशारद संगणकाकरवीं त्या खडकाचा पृष्ठभाग रेखाटतो.

येथें पहिली दक्षता आंकड्यांची. विंधणाच्या नोंदींत खोली असते, आणि ती जमिनीपासून खालीं मोजलेली असते. पृष्ठभागास मात्र उंची हवी, व ती सर्व छिद्रांस समान अशा पातळीपासून, म्हणजे बहुधा समुद्रसपाटीपासून, मोजलेली हवी. समजा, एका छिद्राशीं जमीन ५५२ मीटर उंचीवर असून खडक ३ मीटरांवर लागला. दुसऱ्याशीं जमीन ५४८ मीटरांवर असून खडक ५ मीटरांवर लागला. नुसत्या खोल्या पाहिल्या, तर फरक दोनच मीटरांचा दिसतो. वजाबाकी केली म्हणजे खडक अनुक्रमें ५४९ व ५४३ मीटरांवर येतो, आणि खरा उतार सहा मीटरांचा आहे हें उघड होतें. खोलीचे आंकडे तसेच भरले, तर खोल गेलेला खडक चित्रांत उंचावलेला दिसेल!

दुसरी दक्षता मौनाची. तिसरें विंधण ४ मीटरांवरच थांबलें व खडक लागलाच नाहीं, तर त्या रकान्यांत शून्य लिहिणें हा अनर्थ होय. कारण शून्य खोली म्हणजे खडक जमिनीवर उघडा पडलेला! चारचा आंकडा लिहिणेंहि तितकेंच असत्य. ‘चार मीटरांपर्यंत खडक नाहीं’ एवढीच नोंद खरी. तो बिंदु पृष्ठभागांत घालूं नये, पण तयार झालेला पृष्ठभाग तेथें चार मीटरांहून खालीं आहे ना, हें ताडून पाहावें.

अशा रीतीनें प्रत्येक छिद्राचे पूर्वेकडील अंतर, उत्तरेकडील अंतर व खडकाची उंची हे तीन आंकडे सिद्ध झाले, म्हणजे संगणक बिंदु जोडून त्रिकोणांचें जाळें विणतो. रशियन गणितज्ञ डेलोने ह्यांनीं १९३४ सालीं मांडलेला नियम त्यास उपयोगी पडतो: कोणत्याहि त्रिकोणाच्या परिवर्तुळांत दुसरा बिंदु येतां कामा नये. त्यामुळें शक्यतों निमुळते त्रिकोण टळतात. मात्र दोन छिद्रांमधील पृष्ठभाग हें अनुमानच असतें. मध्यें एखादा जुना ओहोळ बुजलेला असला, तर जाळ्यास त्याची वार्ता नसते.

म्हणून नकाशा कितीहि सुबक दिसला, तरी शंकेच्या जागीं आणखी एक विंधण घेण्याचा खर्च टाळूं नये. त्या पायावर उद्यां मुलांचे वर्ग भरावयाचे असतात.