परसातली कोंबडी आणि कलकत्त्याचे ब्लाइथसाहेब

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्यांचं नाव आपल्यापैकी फारशा कुणी ऐकलं नसेल. पण त्यांनी ज्या पाखराचं मूळ शोधलं ते आत्ता आपल्या अंगणात दाणे टिपत असेल. साहेबांचं नाव एडवर्ड ब्लाइथ आणि पाखरू म्हणजे आपली गावठी कोंबडी.

ब्लाइथ यांचा जन्म १८१० सालचा, लंडनचा. १८२० साली वडील वारले. एडवर्ड थोरला, पाठीवर धाकटी भावंडं. चार लेकरांना आईनं एकटीनं वाढवलं. एकटीनं म्हणजे काय, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक आहे. मोठेपणी एडवर्डनं औषधांचं दुकान घातलं, पण जीव सगळा पाखरांत आणि पुस्तकांत. गिऱ्हाईक बघणार कोण? दुकान बुडालं.

मग १८४१ साली ते कलकत्त्याला आले. तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात त्यांना प्राणी-पक्ष्यांचा विभाग सांभाळायची नोकरी मिळाली. हे काम कसलं असतं? शिकाऱ्यांनी, प्रवाशांनी पाठवलेल्या पाखरांची कातडी पिसांसकट सोलायची, वाळवायची, आत कापूस भरायचा. कीड लागू नये म्हणून त्या काळी कातडीला आतून सोमल चोळत, म्हणजे विषच. बंगालची दमट हवा, वाळवी, बुरशी. आणि प्रत्येक पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधायची: कुठं मिळालं, कधी मिळालं, नर की मादी. चिठ्ठी हरवली तर पाखराची किंमत गेलीच म्हणून समजा. गटाची नोंदवही ठेवणाऱ्या सचिवबाईंना हे लगेच पटेल.

ब्लाइथ यांनी या संग्रहातल्या पक्ष्यांची मोठी यादी तयार केली, ती १८४९ साली छापली गेली. हिवाळ्यात आपल्याकडे परदेशातून येणारा एक छोटा, मातकट रंगाचा पक्षी झुडपांत चकचक करत फिरतो. दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याच्या नावापुढे ब्लाइथ यांचं नाव लागलेलं आहे.

एवढं करून वीस वर्षांत त्यांचा पगार वाढला नाही. मानधन वाढत नाही म्हणजे काय होतं, हे अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना कुणी समजावून सांगायला नको. साहेबांनी जिवंत जनावरांच्या व्यापारातही हात घालून पाहिला. १८५४ साली त्यांनी एका विधवा बाईशी लग्न केलं, पण तीनच वर्षांनी, १८५७ च्या डिसेंबरात, ती वारली. त्या दुःखातून ते पुरते सावरले नाहीत. १८६२ साली आजारी अवस्थेत ते कलकत्ता सोडून गेले आणि १८७३ साली लंडनमध्ये वारले.

आता कोंबडीकडे येऊ. इंग्लंडात चार्ल्स डार्विन त्या वेळी सजीव पिढ्यान् पिढ्या कसे बदलत जातात याचा विचार करत होते. त्यांना माहिती हवी होती ती पाळीव जनावरांची. १८५५ पासून ब्लाइथ त्यांना कलकत्त्याहून लांबलचक पत्रं लिहू लागले. आपल्या वशिंडवाल्या गायीबैलांच्या सवयी, त्यांचं हंबरणं युरोपातल्या गुरांपेक्षा वेगळं, म्हणून त्यांचं मूळही वेगळं असणार, हे डार्विनना पटलं ते ब्लाइथ यांच्या माहितीवरून. आणि जगभरच्या सगळ्या जातींच्या कोंबड्या एकाच तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, हेही ब्लाइथ यांचं मत. त्या रानकोंबड्याचा रंग आपल्या गावठी कोंबड्यासारखा, आरवणंही तसंच, फक्त शेवट तुटक. डार्विननी १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ब्लाइथ यांचं नाव घेऊन हे लिहिलं, त्यांच्या ज्ञानाचा मोठा मान ठेवून. हे डार्विनचं मोठेपण. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावणारे आपण काय कमी पाहिलेत?

यात नंतर थोडी भर पडली. आपल्या सह्याद्रीच्या रानात राहतो तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर ठिपके असतात, आणि आरवणं वेगळं. कोंबडीच्या घराण्यात याचा काही वाटा नाही, असं बराच काळ धरून चालले होते. पण २००८ साली शास्त्रज्ञांनी कोंबड्यांची जनुकं तपासली, तेव्हा दिसलं की कातडीला आणि पायांना पिवळा रंग देणारं जनुक या राखी कोंबड्याकडूनच आलेलं आहे. तेव्हा उद्या सकाळी खुराडं उघडाल तेव्हा कोंबडीचे पाय बघा. पिवळे असतील, तर तिच्या कुठल्यातरी पणजोबाचा पणजोबा राखी रानकोंबडा होता.