रात्रीचं हळू गाणं

येलदरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मोटारीला रात्रीची लाईट आली की मालक पाणी द्यायला शेतात जातात. विंचू-काट्याच्या काळजीनं मागं आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी आमच्यातल्या बऱ्याच जणी मोबाईल उशाशी ठेवून गाणी ऐकतात. तेव्हा डीजेचं गाणं नको वाटतं. संथ, जरा दुखरं गाणंच बरं वाटतं. असं का?

बैठकीत हा विषय निघाला तर एक आजी म्हणाल्या, "आमच्या टायमाला जातं होतं, पोरींनो." घर झोपलेलं असताना उठायचं. जे सासूला, नवऱ्याला सांगता येत नाही, ते जात्याला सांगायचं. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं उचलायची. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसायचा म्हणतात. एकटीला सोबत लागतेच.

तिकडं अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून ब्लूज आलं. त्यात बहुतेक वेळा एकच ओळ दोनदा म्हणतात, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. 1920 साली मामी स्मिथ या गायिकेची ब्लूजची तबकडी निघाली आणि खूप खपली. जॅझ संगीतातही हे ब्लूज मुरलेलं आहे. म्हणून रात्रीचं संथ जॅझ भाषा न कळताही आपलं वाटतं.

आपल्या ओव्याही जपल्या गेल्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचाही आवाज आहे. 'पारी'च्या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात.

आता आमच्या गटातली गोष्ट. एक ताई तीन बैठकींना आल्या नाहीत. चौथ्या वेळी आल्या, पण गप्पच. उठता उठता आजींनी ओवी धरली आणि ताईंना रडू फुटलं. बाहेरून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते, घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बसलो, हिशेब मांडला, गटाचा हप्ता पुढं ढकलला.

गाण्यानं कर्ज फिटत नाही, मैत्रिणींनो. पण अडकलेला शब्द बाहेर येतो, आणि शब्द बाहेर आला तरच गट मदत करू शकतो.

म्हणून एवढं करा. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की लगेच उठू नका. एखाद्या आजीला ओवी म्हणायला सांगा, त्यांना विचारून मोबाईलवर भरून घ्या. आणि शेजारी कोण गप्प बसली आहे, तेही बघा.