डॉक्टरांनी काय सांगितलं, लोकांनी काय ऐकलं

(खेड तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत मार्च १९८४ मध्ये मांडलेलं बोलणं. ज्यांना मजुरी सोडून येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देतो आहोत. वाचता येणाऱ्यांनी वाडीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज सातबाऱ्यावर बोलायचं ठरलेलं आहे आणि ते बोलणारच आहोत. पण आधी दुसऱ्या एका कागदाविषयी बोलतो. तलाठ्याच्या कागदानं जमीन जाते हे आपल्याला कळलं आहे. डॉक्टरच्या कागदानं खटला जातो, हे मात्र आपण गेल्या वर्षी कोर्टाच्या आवारात उभं राहून बघितलं.

ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. आपल्या एका वाडीतला म्हातारा वरकस जमिनीवर राब भाजत होता. तिथं त्याला मारलं. पोलिसांची यादी घेऊन दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी हात बघितला आणि ‘साधी दुखापत’ असं लिहून दिलं. फोटो काढला नाही, तिथं मशीनच नव्हतं. पुढं महिन्यानं कळलं की हाड मोडलेलं होतं. साधी दुखापत असली की कलम ३२३, त्यात पोलीस आपणहून हलत नाहीत. हाड मोडलं तर ती जबर दुखापत, कलम ३२५. एका शब्दानं एवढा फरक पडतो.

कोर्टात समोरच्या वकिलानं डॉक्टरांना विचारलं, माणूस दगडावर पडला तर अशी जखम होऊ शकते का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकते. बरोबरच बोलले ते. पडून होऊ शकते, काठीनंही होऊ शकते. पण दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही पोचलो तोवर त्याचं झालं होतं, ‘डॉक्टर स्वतः बोलला, कातकरी पिऊन पडला.’ डॉक्टरांनी दारूचं नावही काढलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी आपल्याच वाडीत दोघं-तिघं बोलले, ‘शिकलेला माणूस खोटं कशाला सांगेल? पडलाच असेल म्हातारा.’ म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्यानंतर तो तारखेला यायलाच तयार नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही जण हे शोधत होतो, की डॉक्टर कोर्टात बोलतो त्याला वजन किती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४५ आहे. त्यात तज्ज्ञाचं मत विचारात घेता येतं असं आहे. मत. हुकूम नव्हे. कोर्टानं ते मानलंच पाहिजे असं नाही. शोधता शोधता देसाईगंजच्या खटल्याचे कागद वाचायला मिळाले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मथुरा प्रकरण’ म्हटलं. आम्ही पुढं ‘ती मुलगी’ एवढंच म्हणू. नव्या कायद्यानं नाव छापायला बंदी घातली आहे, आणि तिचं नाव उगाळून काही मिळायचंही नाही.

देसाईगंज म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. मुलगी आदिवासी, आईबाप नाहीत, मजुरी करणारी. एका मुलावर मन बसलं, दोघांचं लग्न करायचं ठरलं. भावाला पसंत नव्हतं, त्यानं पोलिसात फिर्याद दिली. २६ मार्च १९७२ ला रात्री नऊच्या सुमाराला सगळ्यांना चौकीत आणलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमाराला सगळे निघाले तेव्हा शिपायानं मुलीला थांबवून घेतलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. दारं लावली, दिवा घालवला. पुढं काय झालं ते तिनं सांगितलं. शिपाई आणि जमादार अशा दोघांवर आरोप आला.

इथं थांबून एक बघा. बाहेर माणसं उभी होती. हाका मारत होती. मुलगी बाहेर आली, तिनं सांगितलं, आणि रात्रीची गर्दी जमली. चौकी पेटवून देऊ इथपर्यंत गर्दी गेली, तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली गेली. चौकी पेटवा असं आम्ही सांगत नाही. पण देसाईगंजच्या त्या माणसांना डॉक्टरचा कागद लागला नाही. त्यांनी मुलीचं तोंड बघितलं, बंद दार बघितलं, आणि ओळखलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं दुसऱ्या दिवशी रात्री आठला. म्हणजे जवळजवळ वीस तासांनी. त्यांनी लिहिलं ते असं. अंगावर जखम नाही. योनीपटल पूर्वीच फाटलेलं. दोन बोटं सहज जातात. वय चौदा ते सोळा. नमुने रासायनिक तपासणीला गेले, त्यात वीर्य सापडलं नाही. पण मुलीच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर डाग सापडले.

एवढाच कागद. आता हा कागद तीन कोर्टांनी कसा वाचला ते ऐका.

चंद्रपूरच्या सेशन कोर्टानं १ जून १९७४ ला दोघांना सोडलं. वय सोळाच्या आत असल्याचा पक्का पुरावा नाही म्हणाले. संबंध झाला असेल, पण संबंध वेगळा आणि बलात्कार वेगळा. मुलीला सवय आहे, ती खोटं बोलते, असं धरलं.

नागपूरच्या हायकोर्टानं १२ ऑक्टोबर १९७६ ला तेच कागद उलट वाचले. वीस तासांनी तपासलं, मधे मुलीनं अंग धुतलं असणार, मग नमुन्यात काय सापडणार? आणि भिऊन गप्प पडून राहणं म्हणजे राजीखुशी नव्हे. शिपायाला पाच वर्षं, जमादाराला एक वर्ष.

मग दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल. १५ सप्टेंबर १९७८. अंगावर जखम नाही, म्हणजे विरोध केला नाही, म्हणजे ती सांगते ते खोटं, म्हणजे राजीखुशीनं झालं. दोघेही सुटले. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं आहे.

कागद एकच होता. डॉक्टरीणबाई ‘मुलगी राजी होती’ असं बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या, जखम नाही. पुढची पायरी कोर्टानं चढली. आणि ‘डॉक्टरांनीच सांगितलं’ असं म्हणणाऱ्या माणसांनीही ती चढली. आपल्यातलेही त्यात होते, हे लपवून काय करायचं? जखम नाही एवढ्यावरून राजी ठरवायचं, तर रात्री चौकीत कोंडलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं पोलिसाशी मारामारी करायला हवी होती. आपल्यातला धडधाकट गडी फौजदारासमोर उकिडवा बसतो आणि मान वर करत नाही. त्याच्याही अंगावर जखम नसते. म्हणून काय तो राजीखुशीनं तिथं बसलेला असतो?

दुसरं, वयाचं. सोळाच्या आत असती तर राजी होती की नव्हती हा प्रश्नच उरत नव्हता, कायदा तसा आहे. पण जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. डॉक्टर दात आणि हाडं बघून अंदाज करतो, चौदा ते सोळा. आणि अंदाजातला संशय मिळतो आरोपीला. शाळेत गेलेल्या मुलीला दाखला मिळतो, आपल्या पोरीला अंदाज.

तिसरं बोलायला जड आहे, पण आज आया बसल्या आहेत म्हणून बोलतोच. ते दोन बोटांचं. त्यातून डॉक्टरनं लिहायचं की बाईला पूर्वीची सवय आहे. त्याचा त्या रात्रीशी संबंध काय? आपल्यात पोरगा-पोरगी पसंतीनं एकत्र राहतात, पैसे जमले की मग लग्न लावतात. कधी मुलं झाल्यावरही लावतात. आपल्या जातीत ते वाईट नाही. पण या मापानं मोजलं तर आपली एकही बाई कोर्टात खरी ठरायची नाही. लग्न झालेली ठरायची नाही, विधवा ठरायची नाही. तपासताना तिला दुसऱ्यांदा मान खाली घालावी लागते ते वेगळंच.

निकाल लागला तेव्हा कुठं पान हललं नाही. एक वर्ष गेलं. १६ सप्टेंबर १९७९ ला कायदा शिकवणाऱ्या-अभ्यासणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. कोर्टाच्या निकालाला असं तोंडावर विचारणारं पत्र. मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, ही त्यातली मोठी गोष्ट. पोलीस चौकी, गरिबी, वय, यातलं काही निकालात का दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. मग बायका उठल्या. १९८० च्या ८ मार्चला मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांत मोर्चे निघाले. खटला पुन्हा चालवा अशी मागणी होती. तो काही पुन्हा चालला नाही.

कायदा मात्र हलला. १९८३ च्या अखेरीपासून नवं कलम आलं, ११४-अ. पोलिसांच्या ताब्यात असताना संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली मी राजी नव्हते, तर कोर्टानं ते खरं धरून चालायचं. पोलिसाला कमीत कमी दहा वर्षं. पण पुराव्याच्या कायद्यातलं १५५ (४) तसंच ठेवलं आहे. बाईची चाल वाईट आहे असं दाखवून तिला खोटं पाडायची वाट अजून उघडी आहे. म्हणजे पुढचं दार लावलं, परसदार उघडं.

आम्ही डॉक्टरांच्या विरोधात आहोत असं कुणी घेऊ नका. याच डॉक्टरच्या कागदानं मारहाण सिद्धही होते. म्हणून तर तो वेळेवर आणि पुरता लिहिला गेला पाहिजे. मार बसला किंवा बाईवर अत्याचार झाला तर सकाळची वाट बघायची नाही. अंग धुवायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत. फार अवघड सांगणं आहे हे, आम्हाला कळतं. पण वीस तासांनी काय झालं ते आत्ताच ऐकलंत. डॉक्टरांना प्रत्येक वळ दाखवायचा, कुठं दुखतं ते सांगायचं, हाड दुखत असेल तर फोटोसाठी पाठवा असं म्हणायचं. केसपेपरचा नंबर घरी घेऊन यायचा. पोलिसांनी धरून नेऊन मारलं तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर ‘मला डॉक्टरकडून तपासून घ्यायचं आहे’ एवढं एक वाक्य बोलायचं. फौजदारी प्रक्रियेच्या कलम ५४ नं तो हक्क दिला आहे. आणि यंदा जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद ग्रामसेवकाकडं झालीच पाहिजे. तो येत नसेल तर आपण जायचं.

कोर्टात आपल्या वकिलानं तो दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. ‘डॉक्टर, काठीनंही अशी जखम होऊ शकते ना? जखम नसताना जबरदस्ती झालेली असू शकते ना?’ वकील विसरला तर मधल्या सुट्टीत आपण त्याच्या कानाशी जायचं.

सकाळी एका आईनं विचारलं, रात्री वाडीवरून दवाखान्यात नेणार कोण? शेवटची यष्टी गेली की सकाळपर्यंत काही नाही. बरोबर आहे तिचं. म्हणून प्रत्येक वाडीतून दोन बाया आणि एक गडी अशी तीन नावं आज लिहून घेतो आहोत. रात्री हाक आली तर यांनी निघायचं, पायी तर पायी. म्हाताऱ्याच्या पुढच्या तारखेलाही या तिघांपैकी एकानं त्याच्यासोबत जायचं. तो आज इथं आला आहे, मागं बसला आहे.

नावं सांगा. मग सातबाऱ्याकडं वळू.